वृंदाची फुलं

टिपणीसांच्या घरात त्या वस्तूला तीन नावं होती. सूर्यकांत टिपणीस तिला शटल म्हणायचे. शेजारच्या चोप्रा भाभी चिडी म्हणायच्या, कारण त्या ज्या दिल्लीत वाढल्या तिथे हा खेळच मुळी चिडी-बल्ला. आणि प्रमोदिनी म्हणायची फूल. तिच्या माहेरी, साताऱ्यात, सगळे फूलच म्हणत. अंगणात पोरं खेळायला लागली की थोड्याच वेळात 'फूल कौलांवर गेलं' अशी ओरड व्हायची.

वृंदाला याचं भारी हसू यायचं. "फूल काय गं आई? देवाला वाहायचंय का? शटल म्हण ना यार."

"आईला यार म्हणतेस?"

"सॉरी यार," म्हणत ती पळायची.

नेताजी नगरातलं सरकारी क्वार्टर त्यांना मिळालं तेव्हा वृंदा शाळेत जायला नुकती लागली होती. दोन खोल्या, मागे इवलंसं अंगण, त्यात पेरूचं झाड. सूर्यकांत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. पुण्याला कॉलेजात असताना ते बॅडमिंटन खेळले होते, बऱ्यापैकी खेळले होते, आणि नोकरीसाठी दिल्लीला आल्यावर रॅकेट माळ्यावर गेली होती. वृंदा चौथीत असताना त्यांनी ती खाली काढली. पुढची आठ वर्षं बाप आणि लेक रोज पहाटे स्कूटरवर बसून कॉलनीच्या क्लबच्या हॉलवर जात राहिली.

प्रमोदिनी मागे राहायची. डबे भरायची, पाणी भरायची, परतल्यावर दोघांच्या घामट कपड्यांचा ढीग भिजत घालायची. तिला खेळातलं काही कळत नव्हतं आणि कोणी समजावायलाही बसलं नव्हतं. दोघं जेवताना बोलायची ते तिला परक्या गावच्या भाषेसारखं वाटे. एकदा कॅनॉट प्लेसला साडी घ्यायला गेले असताना सूर्यकांत म्हणाले, "पाच मिनिटं, एवढे शटल बघून घेऊ," आणि खेळाच्या सामानाच्या दुकानात शिरले. त्यांनी लांबट गोल डबा उघडून एक शटल काढलं, उजेडाकडे धरून आतून पाहिलं, बुचावर अंगठा दाबला, मग दोन बोटांनी गरकन फिरवून हवेत सोडलं. तेरा वर्षांची वृंदा श्वास रोखून ते खाली येईपर्यंत बघत होती.

"डगमगलं," ती म्हणाली.

"का?"

"पिसं मिक्स आहेत. डाव्या पंखाची आणि उजव्या पंखाची."

"शाबास. सगळी सोळा पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत. दुसरा डबा द्या हो."

प्रमोदिनी काउंटरशी उभी होती. तिला वाटलं, आपणही काहीतरी विचारावं. मग तिने घड्याळात पाहिलं. पाच मिनिटांचा तास झाला आणि साडीचं दुकान बंद झालं.

त्या दोघांचा आणखी एक उद्योग स्वयंपाकघरात चालायचा. सामन्याच्या आदल्या दिवशी सूर्यकांत चहाची किटली गॅसवर ठेवायचे, डब्याची दोन्ही झाकणं काढायचे आणि किटलीच्या तोटीवर डबा धरून त्यातून वाफ जाऊ द्यायचे. क्षणभरच. दिल्लीची हवा कोरडी, पिसं वाळतात आणि वाळलेलं पीस पहिल्याच जोरदार फटक्याला मोडतं. वाफेने त्यात जीव येतो. उन्हाळ्यात तर खस म्हणजे वाळा लावलेल्या कूलरच्या ओलसर वाऱ्यात, वृंदाच्या पलंगाखाली, डबे ठेवलेले असायचे. "माणसांना कूलर नाही मिळाला तरी चालेल, यांच्या फुलांना मिळायला हवा," असं प्रमोदिनी चोप्रा भाभींना सांगायची. सांगताना हसायची, पण आपल्या किटलीला पिसांचा वास येतो ही तिची तक्रार खरीच होती.

१९९६ च्या पावसाळ्यानंतर वृंदा बारावीत होती आणि दिल्लीच्या ज्युनियर संघात तिची आणि विजयालक्ष्मीची जोडी जवळजवळ ठरल्यासारखी होती. विजयालक्ष्मी पलीकडच्या गल्लीतल्या तमिळ कुटुंबातली. टिपणीसांकडे जेवून जेवून तिला मराठी येऊ लागलं होतं. ती प्रमोदिनीला काकू म्हणायची आणि थालीपिठासाठी हटकून शनिवारी उगवायची. हिवाळ्याच्या स्पर्धांसाठी म्हणून सूर्यकांतांनी त्या वर्षी डबे सुटे न आणता मोठं खोकंच आणलं. थंडीत हवा जड होते, शटल अडतं, जवळच पडतं. म्हणून थंडीला वेगवान आकड्याची शटल लागतात. झाकणावर तो आकडा असतो. वृंदाने खोकं उघडून प्रत्येक झाकणावरचा आकडा तपासला आणि मग ते पलंगाखाली सरकवलं.

ऑक्टोबरात तिला ताप आला. त्या वर्षी दिल्लीत घरोघर डेंग्यू होता. तिला दाखल केलं त्या वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन माणसं होती, रक्तासाठी रांगा होत्या. डॉक्टर धावत होते, नर्सेस धावत होत्या. सूर्यकांतांनी रक्त दिलं, चोप्रांच्या मुलांनी दिलं, विजयालक्ष्मीच्या वडिलांनी दिलं. आठवडाही झाला नव्हता. एका दुपारी वृंदाने आईला पाणी मागितलं, पाणी येईपर्यंत तिचा डोळा लागला आणि तो पुन्हा उघडला नाही.

घरी माणसांची दाटी झाली. दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्कार आटोपल्यावर, संध्याकाळी चोप्रा भाईसाहेब दारात आले आणि हळू आवाजात म्हणाले, "भाभीजी, कल सुबह फूल चुनने चलना है. भाईसाहब को बता दीजिएगा."

प्रमोदिनी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "फुलं ना? तिच्या पलंगाखाली आहेत. खोक्यात."

वृंदाला दाखल केल्याचं कळताच साताऱ्याहून धावत आलेल्या तिच्या वहिनीने तिला जवळ घेतलं आणि कानात सांगितलं, "अगं, अस्थी म्हणतायत ते. इकडे अस्थींना फूल म्हणतात." प्रमोदिनीने मान हलवली. दिल्लीत इतकी वर्षं राहून तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही.

हिवाळा गेला. घरात दोन माणसं राहत होती आणि ती एकमेकांना जेवायला वाढण्यापुरतं बोलत होती. "अजून पोळी?" "नको." "उद्या गॅसवाला येणार आहे." "अच्छा." ऑफिसातून आल्यावर सूर्यकांत वृंदाच्या खोलीत जाऊन बसायचे, दार लोटून घ्यायचे. प्रमोदिनी सकाळी, ते गेल्यावर, तिथे केर काढायची. एका खोलीत दोघांनी एकाच वेळी जाणं होत नव्हतं. तसं कोणी ठरवलं नव्हतं, पण तेच चालू राहिलं.

एप्रिलमध्ये सूर्यकांतांनी पुढच्या खोलीतला कूलर धुतला, त्याला नवी खस लावली, पंप तपासला. वृंदाच्या खिडकीतला कूलर तसाच ठेवला. प्रमोदिनीने पाहिलं, विचारलं नाही. मे महिन्यात लूचे गरम वारे सुटले आणि त्या खोलीत गेलं की भट्टीचं तोंड उघडल्यासारखं वाटायला लागलं.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी विजयालक्ष्मी आली. कित्येक महिन्यांनंतर आली होती. तिचे केस कापलेले होते, चेहरा उतरलेला. ती पुढच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसली. प्रमोदिनीने पन्हं दिलं.

"काका," ती म्हणाली, "जूनच्या शेवटी ट्रायल आहेत. मी खेळते आहे. सिंगल्स." डबल्स हा शब्द तिने उच्चारला नाही. "क्लबात प्रॅक्टिसला प्लास्टिकची देतात. ट्रायलला पिसांचीच असणार. प्लास्टिकवर हात बसला की पिसांचं टायमिंग चुकतं. बाजारात चांगली मिळत नाहीयेत. वृंदाने मला सांगितलं होतं, खोकं आणलंय म्हणून. थोडी मिळाली तर..."

सूर्यकांत तिच्याकडे बघत होते, पण तिला बघत नव्हते.

"ती वृंदाची आहेत," ते म्हणाले.

"हो काका."

"ती द्यायची नाहीत."

विजयालक्ष्मीने ग्लास खाली ठेवला. "बिल्कुल काका. मी असंच विचारलं. सॉरी काका." दारापर्यंत ती नीट चालली. फाटकाबाहेर पडल्यावर ती रडायला लागली. प्रमोदिनीने ते खिडकीतून पाहिलं आणि तिला नवऱ्याची लाज वाटली.

दोन दिवस तिने वाट पाहिली, की हे आपणहून काही बोलतील. ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने पलंगाखालचं खोकं ओढलं, तळातले चार डबे काढले, भाजीच्या पिशवीत घातले, वर पालकाची जुडी ठेवली आणि क्लबच्या हॉलवर गेली. या हॉलवर आपली मुलगी आठ वर्षं येत होती आणि आपण एकदाही आत आलो नाही, हे तिला दारात उभं राहिल्यावर उमगलं.

आत उकाडा मी म्हणत होता. पंखे बंद, खिडक्या बंद, कारण वाऱ्याने शटल भरकटतं. विजयालक्ष्मी एका मुलाबरोबर खेळत होती. प्रमोदिनीला पाहून ती धावत आली. पिशवीतले डबे पाहून तिचा हात तोंडावर गेला.

"काकांनी दिले?"

"हो," प्रमोदिनी म्हणाली.

"थँक यू काकू. बसा ना तुम्ही. बघा ना थोडं."

प्रमोदिनी बाकावर बसली. विजयालक्ष्मीने एक नवंकोरं शटल काढलं, उंच सर्व्ह केलं. ते गेलं ते थेट मागच्या रेषेच्या पार भिंतीवर आदळलं. तिने पुन्हा मारलं, हळू. तेही बाहेर. मग समोरच्या मुलाने एक जोरात स्मॅश मारला आणि खट्कन आवाज झाला. शटल जाळीशी पडलं. त्याची तीन पिसं मोडली होती. दुसरं काढलं, ते दोन फटके टिकलं. तिसऱ्याचं एकच पीस मोडलं, पण ते उडताना जखमी पाखरासारखं लटपटायला लागलं. जमिनीवर पांढऱ्या पिसांचे तुकडे पडले होते.

मुलगा म्हणाला, "ये तो सब सूखे पड़े हैं, यार."

"चुप," विजयालक्ष्मी म्हणाली. मग बाकाकडे वळून मोठ्याने, "काकू, फार छान आहेत. माझाच हात चुकतोय आज." आणि तिने आणखी एक शटल काढून अगदी हळू, जपून मारलं, लहान मुलीशी खेळावं तसं.

प्रमोदिनीला खेळ कळत नव्हता, पण एवढं न कळण्याइतकी ती बाहेरची नव्हती. ती उठली. जाता जाता तिने जमिनीवरचं एक मोडलेलं शटल उचललं आणि पिशवीत टाकलं.

संध्याकाळी सूर्यकांत आले, चहा प्यायले आणि आत जायला उठले. प्रमोदिनीने ते मोडकं शटल टेबलावर ठेवलं.

त्यांनी ते उचललं. झाकण पाहायची गरज पडली नाही. बुचावरचा छाप पाहिला, मोडक्या पिसावरून बोट फिरवलं. पिसाचा दांडा त्यांच्या चिमटीत कुरकुरला.

"खोक्यातलं आहे."

"हो. मी विजीला चार डबे दिले. तुम्हाला न विचारता."

तिला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. तिच्याकडेही इतक्या महिन्यांचं साठलेलं होतं. पण ते नुसते उभे राहिले. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ही थंडीची आहेत गं. जूनमध्ये बाहेरच जाणार. आणि वाळलेली. मला सांगितलं असतंस तर वाफ देऊन दिली असती."

"तुम्ही नाही म्हणालात. माझ्यासमोर नाही म्हणालात तिला. ती पोर फाटकात उभी राहून रडली."

"मला माहीत आहे."

"मग?"

"ती मागायला आली आणि मला वाटलं, आता ही घेऊन जाईल, कोर्टवर वापरेल, आठवड्यात संपतील. शटलचं आयुष्य केवढं असतं? एक गेम, दोन गेम. मग मी काय..." ते थांबले. "वृंदाने प्रत्येक झाकण हातात घेऊन पाहिलंय प्रमोदिनी. प्रत्येक."

"म्हणून कूलर लावला नाहीत? वाळवून मारलीत ती?"

हे बोलायचं नव्हतं. शब्द निघून गेल्यावर तिला कळलं. सूर्यकांतांचा चेहरा पडला.

"कूलर लावला की खसचा वास येतो," ते म्हणाले. "त्या वासात ती झोपायची. मला नाही सहन झालं. शटलचं माझ्या लक्षात होतं. रोज लक्षात यायचं. तरी नाही लावला."

मग प्रमोदिनी म्हणाली, "तुमच्याकडे तिचं किती आहे. खोकं आहे, हॉल आहे, स्कूटर आहे. तुम्ही दोघं काय काय बोलायचात, हसायचात. माझ्याकडे तिच्या धुतलेल्या कपड्यांशिवाय काय आहे? मी पहाटे तुम्हा दोघांच्या मागे दार लावून घ्यायचे. आठ वर्षं दारच लावत होते मी."

सूर्यकांतांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तिला नीट पाहिलं असावं. ती किती वाळली होती ते तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

"ती तुझ्याबद्दल बोलायची," ते म्हणाले.

"काय?"

"काही खास नाही. आज आईने काय केलं असेल डब्यात. आईला सांगू नका मी गुडघा फोडला ते. असंच."

तेव्हा प्रमोदिनी रडली. अस्थी सावडून आले त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. सूर्यकांत जागचे उठले नाहीत. त्यांना उठणं जमलं नाही. पण त्यांनी टेबलावरून हात पुढे केला आणि तिच्या मनगटावर ठेवला आणि ती थांबेपर्यंत तो तिथेच राहिला.

रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच खोकं स्वयंपाकघरात आणलं. किटली ठेवली. "इकडे ये," म्हणाले. "डबा असा धर. वाफ खालून शिरली पाहिजे, वरून निघाली पाहिजे. फार वेळ नको, नाहीतर पिसं वाकतात आणि बुचाचा डिंक सुटतो. बस. आता झाकण लाव."

प्रमोदिनीने डबा धरला. किटलीला तोच जुना वास यायला लागला. तिने तोंड वळवून घेतलं, पण हात हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर ते निवडायला बसले. एकेक शटल बोटांनी फिरवून सोडायचं, पडताना बघायचं. बरीचशी गेलेली होती. वाफेनेही ज्यांचे दांडे लवचीक झाले नाहीत ती त्यांनी बाजूला टाकली. तो ढीग वाढत गेला तसा त्यांचा हात मंद होत गेला. "कूलर लावायला हवा होता," ते एकदा स्वतःशीच म्हणाले. प्रमोदिनीने ऐकलं. ते खोटं आहे असं तिला म्हणता येत नव्हतं.

जी वाचली त्यांची पिसं वाकवायची होती. उन्हाळ्यात वेगवान शटलला आवर घालायचा तर एक सोडून एक पिसाचं टोक नखाने किंचित बाहेर वळवायचं, म्हणजे ते हवेत अडतं. सूर्यकांतांनी एक करून दाखवलं. प्रमोदिनीची नखं लहान, बोटं शेवया वळायला सरावलेली. तिला ते पटकन जमलं.

"छान," ते म्हणाले.

बाकीची दोघांनी मिळून केली. वाकवलेल्या शटलचा वेग मात्र घरात कळत नाही. त्यासाठी हॉलवर जाऊन मारून बघावं लागतं. सूर्यकांत जायला तयार नव्हते. "तू नेऊन दे. विजीला सांग, आधी तपासून घे म्हणावं." प्रमोदिनी म्हणाली, "मी एकटी पुन्हा जाणार नाही." त्यावर त्यांचं काही चाललं नाही.

स्कूटरवर ती मागे बसली. हॉलच्या दाराशी सूर्यकांत इतका वेळ उभे राहिले की चौकीदार येऊन "नमस्ते साब" म्हणाला. विजयालक्ष्मीने आतून पाहिलं. ती आली आणि काही न बोलता काकांच्या हातात स्वतःची रॅकेट दिली.

शटलचा वेग बघायची रीत साधी आहे. मागच्या रेषेवर उभं राहून खालून वर पूर्ण ताकदीने मारायचं. ते पलीकडच्या मागच्या रेषेच्या हातभर अलीकडे पडलं की बरोबर. फार आधी पडलं तर मंद, बाहेर गेलं तर वेगवान. मारणारा इकडे असतो, तेव्हा पलीकडे कोणीतरी उभं राहून सांगावं लागतं. तिथे वृंदा उभी राहायची. विजयालक्ष्मी तिकडे जायला निघाली, तेव्हा प्रमोदिनी म्हणाली, "मी जाते."

ती चपला काढून कोर्टवर गेली. जमीन तापलेली होती. ती पलीकडच्या रेषेजवळ उभी राहिली. जाळीच्या पलीकडे सूर्यकांत फार लांब आणि लहान दिसत होते.

त्यांनी मारलं. शटल छताच्या दिव्यांकडे गेलं, वळलं आणि तिच्या पुढ्यात सरळ खाली आलं. रेषेच्या हातभर अलीकडे टपकन पडलं.

"काय?" सूर्यकांतांनी विचारलं.

प्रमोदिनी शटलकडे बघत होती. तिने हात वर केला.

"अगं, आत की बाहेर? सांग ना!" हा त्यांचा हॉलवरचा आवाज होता. मोकळा, मोठा. तिने तो कधी ऐकला नव्हता. आवाज निघाला तसा त्यांनाही तो ऐकू आला असावा, कारण ते एकदम खाली बसले. रॅकेट गुडघ्यांवर घेऊन, मान खाली घालून, कोर्टवरच बसून राहिले. बाजूच्या कोर्टवरची मुलं खेळायची थांबली. प्रमोदिनी जाळीखालून वाकून त्यांच्यापाशी गेली.

"बरोबर पडलं," ती म्हणाली. "हातभर अलीकडे."

उरलेली विजयालक्ष्मीने मारली आणि कुठे पडली ते प्रमोदिनीने सांगितलं. सूर्यकांत बाकावर बसून होते.

ट्रायलपर्यंत विजयालक्ष्मी ती शटल वापरत राहिली. संध्याकाळी कधी सूर्यकांत हॉलवर जायचे, बहुतेक वेळा नाही. गेले तर बाकावर बसायचे आणि पाऊण तासाने उठायचे. प्रमोदिनी मात्र रोज जायला लागली. तिला आता शटलच्या आवाजावरून कळू लागलं होतं, की फटका बुचावर बसलाय की पिसांवर.

ट्रायलमध्ये विजयालक्ष्मी पहिला सामना जिंकली आणि दुसऱ्यात हरली. संघात तिचं नाव आलं नाही. ती घरी सांगायला आली तेव्हा प्रमोदिनीने थालीपीठ लावलं. तिने ते मान खाली घालून खाल्लं.

"चांगली खेळलीस," सूर्यकांत म्हणाले. "दुसऱ्या गेमला बॅकहँडला घाई केलीस."

"हो काका."

"पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी आम्ही चेन्नईला असू, काका. अप्पांची बदली झाली."

सूर्यकांतांनी मान हलवली. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "शटल किती उरली?"

"संपली, काका. शेवटचं परवा संपलं."

"अच्छा," ते म्हणाले. मग उठले, खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली. "मग तुला दोन डबे आणून देतो. तिकडे दमट हवा, मंद आकड्याची लागतील. आता दुकान उघडं असेल."

विजयालक्ष्मी नको म्हणत होती तोवर ते बाहेर पडलेही होते.

बराच वेळ झाला तरी स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला नाही. प्रमोदिनी गॅस बंद करून बाहेर आली. सूर्यकांत स्कूटरवर बसले होते. किल्ली लावलेली, दोन्ही हात हँडलवर, पाय जमिनीवर. ते समोर बघत होते, जिथे नुसती कंपाउंडची भिंत होती. तिला वाटलं हाक मारावी. मग ती तशीच पायऱ्या उतरून गेली आणि मागच्या सीटवर बसली. त्यांनी वळून पाहिलं नाही. पेरूच्या झाडात साळुंक्या भांडत होत्या, चोप्रांच्या घरी बातम्या लागल्या होत्या आणि दारात विजयालक्ष्मी, हातात ताट तसंच धरून, उभी होती.

"दुकान बंद होईल," प्रमोदिनी थोड्या वेळाने म्हणाली.

"हो," ते म्हणाले, आणि तरी बसूनच राहिले.